मेलेल्याच्या तोंडून

मुरबाड
१४ फेब्रुवारी २०२४

किशोरभाऊजी,

पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. त्यातला नमस्कार घ्या. प्रेमाचं मागाहून बघू.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मध्येच हरकत घेता. पत्राला हरकत घ्यायची सोय नाही, फार तर फाडता येतं.

काल आम्ही दोघं कल्याणच्या कोर्टात शेवटच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही पाहिलं नाहीत. तुमच्या दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि एस.टी.त शेजारच्याला सांगून झालं होतं, "भाऊ वकील हाय आपला. तो बोलायला लागला का पंखापण दबकून फिरतो." रोममध्ये वकील वाहवा करायला जेवण घालून माणसं आणत. तुमचा माणूस घरची भाकरी बांधून, स्वतःच्या तिकिटाने आला होता. पहिला अर्धा तास त्यांचे हात टाळीसाठी मांडीवर तयार होते. नंतर त्यांनी ते खिशात घातले.

खटला काय होता ते लिहून ठेवते. तुम्हाला माहीत आहे, पण तुमचं भाषण ऐकून बाहेर पडलेल्या एकालाही तो आठवत नव्हता. खर्डीच्या वरच्या आदिवासी वाडीतला नवसू मारला गेला. तुमच्या अशिलाने, विपुलने, रिसॉर्टसाठी जमीन घेऊन कुंपण घातलं. वाडीची झऱ्यावर जायची वाट कुंपणात गेली. नवसूने तारा सोडवल्या. विपुलने पहार उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. हे सावळी सांगते, आणि पाहणारी ती एकटीच. तिचा शब्द पडला की खटला पडला.

तो शब्द पाडायला तुम्ही काय काय आणलंत! विपुलला मी मुरबाडच्या नाक्यावर गॉगल लावून जीपमधून उतरताना पाहिलाय. काल दाढी वाढलेली, कॉलर विटलेली, पहिल्या बाकावर आई पदर तोंडाला लावून. मी ओळखलं. विपुलला नव्हे, युक्तीला. रोममध्ये खुनाचा आरोपी असाच मळक्या कपड्यांत, केस वाढवून, लेकरंबाळं घेऊन यायचा. तुम्ही सातवीत असताना मीच तुम्हाला ते रोमच्या वकिलांच्या पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "वहिनी, मग धोबी कोणाच्या बाजूने?"

त्याच पुस्तकातलं भाषण मी तुमच्यासाठी मराठीत केलं. बापाच्या खुनाचा आळ आलेला मुलगा. सिद्ध झालं तर त्याला कुत्रा, कोंबडा, साप आणि माकडासकट गोणीत शिवून पाण्यात टाकणार. त्याच्या बाजूने उभा राहिलेला सव्विशीतला पोरगेलासा वकील एकच विचारत राहतो, हा माणूस मेल्याने लाभ कोणाचा झाला? बापाची जमीन आज कोण खातंय? शहापूरच्या वक्तृत्व स्पर्धेत माझी पांढरी साडी रोमन वकिलाच्या टोग्यासारखी अंगाभोवती गुंडाळून तुम्ही ते म्हटलंत आणि पहिले आलात. साडीला चहाचा डाग पाडलात, तोही अजून आहे. भाऊजी, कालच्या खटल्यात तो प्रश्न विचारायला हवा होता. नवसू मेल्याने कुंपण कोणाचं राहिलं? तुम्ही तो प्रश्न सोडून बाकी सगळं रोम आणलंत.

आणि मग तुम्ही मेलेल्याला उठवलंत. तीही त्यांचीच युक्ती. मेलेल्याच्या तोंडून बोलायचं, म्हणजे उत्तर द्यायला कोणी नाही. पोलिसांनी जबाबाच्या पहिल्या ओळीत 'मयताची पत्नी सावळी' लिहिलं. उलटतपासणीत तुम्ही तिला विचारलंत, लग्न कधी झालं? तिने सरळ सांगितलं, "लगीन नाय झाला." त्यावर काल तुमची इमारत. जी पहिल्या ओळीत खोटी, तिची पुढची कुठली ओळ खरी? आणि मग आवाज खाली आणून, "आज हा नवसू इथे उभा राहिला तर काय विचारील? तो विचारील, बाई, तू माझी कोण? कुठल्या मांडवात माझ्या गळ्यात माळ घातलीस? माझ्या नावाने रडायचा हक्क तुला दिला कोणी?"

टंकलेखकाचे हात थांबले. तुम्हाला ते आवडलं, मी पाहिलं.

सावळी आमच्या पुढे बसली होती. तिने वळून मला विचारलं, "बाय, ह्यो नवसूच्या नावानं काय बोलतो?" मी सांगितलं. जमेल तितकं सौम्य करून सांगितलं, तरी ते सौम्य झालं नाही. तिने तुमच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाली, "नवसू मना बाई नव्हता बोलत."

आमच्या न्यायशास्त्रात बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. स्वतःचं काही मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त पाडायचं, ती वितंडा. संस्कृतच्या वर्गात मुलांना वितंडेचं उदाहरण देताना दर वर्षी माझी पंचाईत व्हायची. ती सोय तुम्ही केलीत, त्याबद्दल आभार.

वहिनी


मुरबाड
२ मार्च २०२४

भाऊजी,

तुम्ही मला उत्तर न देता दादांना फोन केलात. हुशारी आहे. साक्षीदार बदलला की उलटतपासणी टळते. पण ते निरोप्याचं काम प्रामाणिकपणे करतात, हे विसरलात. जेवताना त्यांनी मान वर न करता सांगितलं, "किशोर बोलतो, ह्यो धंद्यातला भाग हाय. बाई कोणाची कोन, मला काय ठाव. वयनीला सांग, घरात आनू नको." आणि स्वतःची पदरची भर घातली, "मला त्यात पाडू नका. मी दोघांच्या मधी बसून जेवणारा मानूस."

तर, बाई कोणाची कोण, ते ऐका.

त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यावर तिने माझा हात धरला, हे पहिल्या पत्रात मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. "तुमी मुरबाडच्या शिकवनाऱ्या वयनी ना? माझी आय तुमच्या भाताच्या आवणीला यायची. मी बाईजाची."

भाऊजी, ती बाईजाची सावळी आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोण बाईजा. म्हणून आठवण करून देते. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, कमळू आणि बाईजाचं लग्न लागलं. वर डोंगराच्या वाडीवर. तुम्ही दहा वर्षांचे. सासूबाईंनी आपल्या दोघांना तांदूळ आणि साडी देऊन पाठवलं होतं. बाईजा हळद लावून बसलेली, तिची मोठी दोघं पोरं मांडवात पळापळ करतायत आणि धाकटी तिच्या मांडीवर भोकाड पसरून. बाईजाने इकडेतिकडे पाहिलं आणि ती पोर उचलून तुमच्या कडेवर दिली. "धर रे हिला जरा, माझा लगीन लागतंय."

तुम्ही धरलीत. अख्खं लग्न लागेपर्यंत. तिने तुमच्या शर्टावर काय केलं ते इथे लिहीत नाही, तुमच्या पदाचा मान आहे. परत आल्यावर तुम्ही फुगून बसलात, जेवेनात. सासूबाईंनी विचारलं तर म्हणालात, "सगळे आपापल्या आईबापाच्या लग्नाला जातात. तुम्ही मला का नाही नेलंत?" सासूबाई इतक्या हसल्या की भात करपला.

त्या रात्री तुमच्या दादांनी तुम्हाला समजावलं होतं, मी ऐकत होते. वाडीवर पोरगा-पोरगी थोरांच्या देखत एकत्र राहायला लागतात. गाव त्यांना नवरा-बायको म्हणतो, पोरांना बापाचं नाव लागतं. लग्न म्हणजे सगळ्यांना जेवण, गाणारीला लुगडं, ढोल. ते धान्य पुरेल तेव्हा. पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी. तोवर "लगीन राहिलंय" म्हणतात, जसं आपण घराला गिलावा राहिलाय म्हणतो. गिलावा नसला म्हणून त्या घरात राहणारे परके होत नाहीत.

तुम्ही म्हणता, मला काय ठाऊक. ती सावळी कोण, हे ठाऊक नसेल. मानते. तीस वर्षांत कडेवरची पोर ओळखू येत नाही. पण रीत ठाऊक होती. नाहीतर तो प्रश्न सुचलाच नसता. दुसऱ्या कुठल्या वकिलाने मुलंबाळं असलेल्या बाईला पहिलाच प्रश्न 'लग्न कधी झालं' असा विचारला असता? त्याने अंतर विचारलं असतं, उजेड किती होता विचारलं असतं. वाडीवरची बाई या एका प्रश्नाला खरं उत्तर देईल आणि त्या खऱ्या उत्तराने बुडेल, हे कळायला वाडीवर जेवून आलेला माणूस लागतो. तुम्ही त्यांच्या पत्रावळीवर जेवून आला होतात.

हे मला शिकवता आलं नसतं. रोमच्या वकिलांनाही नाही. ही तुमची स्वतःची भर.

वहिनी


मुरबाड
२१ मार्च २०२४

किशोर,

काळा कोट घातलास त्या दिवसापासून मी तुला अहो-जाहो करते. आज जमत नाहीये. पुढे जमलं तर बघू.

मी खर्डीला जाऊन आले. पुढे रिक्षा, मग चढ. सावळी दारात जांभळीच्या फाट्या फोडत होती. तिची मुलगी अंजू तिच्या खांद्याला लागते, तिने मला पाणी दिलं. कुंपण अजून तिथेच आहे. वाडीच्या बायका झऱ्यावर जायला डोंगराला वळसा घालतात.

मी सावळीला म्हटलं, तुझ्या उत्तराने घोटाळा झाला.

"खोटा बोलले असते तर बरा झाला असता काय?" ती म्हणाली.

"तसं नाही गं."

"मंग? वकिलानं विचारला लगीन झाला का, मी बोलले नाय झाला. त्याने विचारलाच नाय का नवसू तुजा कोन." कुऱ्हाड खाली ठेवून तिने फाट्या गोळा केल्या. "वयनी, तो कुंपनवाला सुटला तर परत वाटेवर उभा राहील. मी पानी कोठून आनू? त्याच्या समोरून?"



म्हणून मी सरकारी वकिलांना भेटले. शेखरसाहेब सभ्य माणूस आहे, बोलताना मध्येमध्ये चष्मा शोधतात आणि तो डोक्यावर असतो. त्यांना मी म्हटलं, पहिली ओळ खोटी म्हणून सगळं खोटं, हा नियम आहे का? ते म्हणाले, "अहो, तो नियम आपल्या कोर्टांनी केव्हाच टाकून दिलाय. पण तुमच्या दिरांनी असा गायला ना, की मलाच क्षणभर वाटलं, असेल बुवा." मग मी त्यांना वाडीची रीत सांगितली. त्यांना चष्मा सापडला.

त्यांनी अर्ज दिला: सावळीला पुन्हा बोलवावं आणि रीतीबद्दल साक्ष द्यायला मला बोलवावं. तू विरोध केलास, तेही कळलं. निकाल व्हायच्या आत न्यायालयाला कधीही साक्षीदार बोलावता येतो, असं न्यायाधीशांनी तुला ऐकवलं, तेही कळलं. मुरबाडला रेल्वे नाही, पण बातमी येते.

तेव्हा मी पिंजऱ्यात उभी राहणार आहे आणि माझी उलटतपासणी तुला घ्यावी लागणार आहे. तुझ्या दादांनी विचारलं, "भावजयीला प्रश्न विचारनार तो? जमंल?" मी म्हटलं, मी त्याला शिकवलंय. ते म्हणाले, "त्याचीच भीती वाटते."

आजारी पडू नकोस. तारीख मागू नकोस. ज्युनिअरला पुढे करू नकोस. रोममध्ये साक्षीदाराची अब्रू काढणं हा भाषणातला मानाचा भाग होता. ये आणि माझी काढ. माझी काढलीस तर मी तुला उत्तर देईन. ती देऊ शकली नाही म्हणून तू इतका छान बोललास.

वहिनी


मुरबाड
२७ एप्रिल २०२४

भाऊजी,

पुन्हा अहो-जाहोवर आले आहे. कारण पुढे येईल.

तुम्ही आलात. दाढी केलेली, कोट झटकलेला, मला पाहून न पाहिल्यासारखं. शेखरसाहेबांनी मला रीत विचारली, मी कमळू-बाईजाच्या लग्नासकट सांगितली. मग तुम्ही उठलात. दादा मागे बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आपण संस्कृत शिकवता?"

"हो."

"वाडीवरच्या चालीरीती संस्कृत ग्रंथांत आहेत?"

"नाहीत. तुमचा कायदाही संस्कृतात नाही. तरी चालवताच ना तुम्ही."

कोणीतरी हसलं. तुमचा कान लाल झाला. तो लहानपणीही व्हायचा, डावा आधी.

"आपण आरोपीच्या वकिलांच्या भावजय आहात."

"आहे. यात तोटा कोणाचा, ते न्यायालयाने ठरवावं."

"म्हणजे आपल्या साक्षीमागे घरगुती राग आहे."

"राग आहे. घरगुती नाही. घरगुती रागाला मी कोर्टाचा जिना चढत नाही, लाटणं पुरतं."

न्यायाधीशांनी मला उत्तर थोडक्यात द्यायला सांगितलं. रास्तच होतं. मग तुम्ही कागद खाली ठेवलात. आवाज बदलला. मला वाटलं, आता मेलेल्यांपैकी कोणीतरी उठणार. सासूबाई उठणार, मला जाब विचारणार, अशी मी तयारी केली होती. मनात उत्तरही होतं.

पण तुम्ही विचारलंत, "आपण म्हणता ते कमळू आणि बाईजाचं लग्न. दोघंही आज हयात नाहीत. त्या मांडवात हजर असलेला, वाडीबाहेरचा, आपल्याखेरीज दुसरा कोणी जिवंत माणूस आपण सांगू शकाल?"

"शकेन."

"कोण?"

"तुम्ही."

न्यायाधीशांनी मान वर केली. टंकलेखकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, हे घ्यायचं?" तुमचा अशील तुमच्या कोटाची मागची बाजू ओढत होता. तुम्हाला हरकत घेता आली असती. वकिलाला साक्षीदार करता येत नाही, असं काहीतरी असेलच. तुम्ही टंकलेखकाकडे बघून म्हणालात, "लिहा." आणि खाली बसलात.

गेले चार दिवस मी त्यावर विचार करते आहे. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न वकील विचारत नाही, हे मीच तुम्हाला त्या पुस्तकातून शिकवलं. मग ठाऊक असून विचारलात? की दुसरा साक्षीदार आणता येणार नाही हा नेहमीचा डाव टाकलात आणि मांडवात आपणही होतो हे बोलून झाल्यावर आठवलं? दादा म्हणतात, "त्याने मुद्दाम केला." दादा तुम्हाला चांगलंच समजणार, त्यांना पर्याय नाही. मी विचारणार नाही. तुम्ही सांगूही नका. पण तो एक शब्द म्हणताना तुम्ही सभेसाठीचा आवाज लावला नव्हता, म्हणून अहो-जाहो.

राग गेला असं समजू नका. त्या बाईला दोन महिने अख्ख्या वाडीने विचारलं, कोर्टात तुला ठेवलेली म्हणाले काय. ते एका शब्दाने धुतलं जात नाही.

सावळीची साक्ष तुम्ही बाहेर गेल्यावर झाली, ज्युनिअर बसला होता. न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "नवसू तुमचा कोण?"

ती म्हणाली, "मानूस."

"म्हणजे?"

"घरचा. माझा." मग तिला वाटलं असावं की साहेबांना कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, "तो आला का मी भाकर टाकायची. आता कोन येत नाय."

टंकलेखकाने हे घ्यायचं का, असं विचारलं नाही.

बाहेर बाकावर बसून ती बिस्किटं खात होती. मला म्हणाली, "तुमचा दीर वंगाळ बोलतो. पन गळा बरा हाय."

वहिनी


मुरबाड
१२ ऑगस्ट २०२४

भाऊजी,

विपुलला जन्मठेप झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. निकालात सावळीची साक्ष विश्वासार्ह धरली. दादांनी त्या दिवशी कोणाची बाजू न घेता दोन वेळा जेवून घेतलं. वाडीवाल्यांनी तारा काढल्या, पोलीस बघत उभे होते.

आज पोस्टाने तुमचं जाडजूड पाकीट आलं. चिठ्ठी नाही, नमस्कार नाही, नुसती उच्च न्यायालयातल्या अपिलाची प्रत. एवढ्या पत्रांना हे पहिलं उत्तर, तेही इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसले.

विपुलसाठी तुम्ही अपील करणार, हे मला कळायला हवं होतं. पहिल्या पानावरच माझा राग पुन्हा चढला. मग पुढे वाचत गेले. सकाळच्या धुक्यात दिसलं किती, असं तुम्ही विचारलंय. कुंपणापासून तिचं अंतर मोजायला मागितलंय. पहार पोलिसांना इतक्या उशिरा का सापडली, असंही विचारलंय. चांगले प्रश्न आहेत. पहिल्यांदाच हे का विचारले नाहीत, देव जाणे. सगळं चाळून झालं, तेव्हा मी पुन्हा पहिल्या पानावर आले. तिथे तुम्ही स्वतः लिहिलंय: साक्षीदार सावळी, मृताची पत्नी. पुढेही जिथे जिथे तिचं नाव आहे, तिथे पत्नी. लग्नाचा मुद्दा कुठेही नाही. तुमच्या अशिलाला तो हवा असणार, याची मला खात्री आहे.

रोमचे वकील खटला संपल्यावर आपलं भाषण सुधारून प्रसिद्ध करत. एकाने खुनाचा खटला हरल्यावर ते भाषण घरी बसून असं सुरेख लिहून काढलं आणि हद्दपार झालेल्या अशिलाला पाठवलं, की त्याने उलट कळवलं, बरं झालं हे तू तेव्हा बोलला नाहीस, नाहीतर मला इथले हे चविष्ट मासे मिळाले नसते. हा भाग मी तुम्हाला वाचून दाखवला नव्हता. तुम्ही तेव्हा झोपला होतात.

मी खर्डीला जाऊन सावळीला सांगितलं, वकिलाने अपील केलंय, पण आता तो तुला नवसूची बायको म्हणतो. ती म्हणाली, "म्हनू दे. मी व्हतेच." आणि मग, "वयनी, परत बोलवतील का मना?" मी म्हटलं, वरच्या कोर्टात सहसा बोलवत नाहीत. "बोलवला तर येईन," ती म्हणाली, "आता ठाव झालाय त्याचा बोलना."

तुम्ही मेहनतीने, नीट, या कागदात लिहिलंय तसंच लढावं. आणि अपील हरावं, ही मनापासून इच्छा.

सप्रेम,
वहिनी